डावी बादली

कोरियामा, ९ जून

प्रिय तोमो दादा,

विद्यापीठाच्या कॅन्टीनचं जेवूनही तुझं पोट शाबूत असेल, असं धरून चालते. इकडे हौदांवर बेडकांनी उच्छाद मांडलाय. बाबांची भूक उत्तम, मुळ्याचं लोणचं लपवून ठेवावं लागतं.

तू पाठवलेला संगणक आणि त्यातला माशांच्या पैदाशीचा प्रोग्राम लावला. म्हणजे शेजारच्या इसोबेकाकांनी आणि मी तीन दिवस त्याच्याशी झटापट केली. पिढीगणिक किती बदल व्हावा, त्या रकान्यात पाचऐवजी मी पन्नास टाकले. दुसऱ्याच पिढीत काका म्हणाले, "अगं, हे मासे आहेत की उकडलेले बटाटे?" बऱ्याच दिवसांनी हसलो.

आता नीट चालतं. पडद्यावर वीस पिल्लं येतात, बाबा पाच निवडतात, त्या पाचांपासून पुढची वीस. सकाळी डोक्याला टॉवेल बांधून बसतात, अगदी हौदावर बसायचे तसे. विसरणं वाढत जाईल पण हातांना काम हवं, असं डॉक्टर म्हणाले होते ना, ते काम मिळालं.

पण दादा, तीनशे पिढ्या झाल्या. रांचू सोनमाशाची पाठ गुळगुळीत हवी, तिच्यावर पर नको, शेपूट दुभंगलेलं हवं, हे आपल्याला अक्षरओळखीच्या आधी कळलं. बाबांच्या माशांच्या पाठीवर आता काट्यासारखे पर आलेत आणि शेपूट ओढ्यातल्या माशासारखं, एकच. बाबा म्हणतात, "आता कुठे जमतंय!" मी पुन्हा पहिल्या पिढीपासून सुरू केलं. चार वेळा केलं. चारही वेळा ते तिथेच येऊन पोचले. तुझ्या प्रोग्रामची चूक नाही. तो बिचारा जे निवडाल तेच वाढवतो.

महिनाअखेर नोकरीचा राजीनामा देऊन येतो, पणजोबांपासूनचा वाण आता मी सांभाळतो, असं तू लिहिलंस. मागच्या पत्रात मी 'हौदातली पिल्लं छान आहेत' म्हटलं होतं. ते खोटं होतं.

मार्चच्या रोगात मोठे मासे गेले आणि शेवटची अंडी तेवढी वाचली, हे तुला माहीत आहे. १२ मे रोजी बाबा त्यांतून निघालेल्या पिल्लांच्या निवडीला बसले. पांढरा वाडगा, पिल्लं उचलायचा शिंपला, दोन बादल्या. ठेवायची ती उजवीत, टाकायची ती डावीत. निवड चालू असताना आपल्याकडे कोणी बोलत नाही. तू एकदा शिंकलास तर तुला दुपारभर अंगणात उभं केलं होतं. पहिल्या शंभरातच मला दिसलं, चांगली पिल्लं डावीकडे चाललीत. वाटलं, बाबांना माझ्याहून जास्त कळतं. मग वाटलं, आता बोलते. इसोबेकाकांकडे पाहिलं, तर ते स्वतःच्या बुटांकडे बघत होते. दोन तासांनी बाबा म्हणाले, "चिझुरु, डावी ओत."

मी ओतली. कासवांच्या हौदात, त्यांचं खाणं म्हणून, नेहमीसारखी.

उजवीतली आता बोटभर झालीत. त्यांच्यातून वाण पुन्हा काढायचा तर वीस वर्षं आणि बाबांची नजर लागेल. बाबा त्यांना रोज खाऊ घालतात. "तोमो बघेल तर खूश होईल," म्हणतात. त्यांना सांगायचं तर रोज नव्याने सांगावं लागेल, आणि रोज त्यांचा तो चेहरा बघावा लागेल. मला नाही जमत रे.

आज पाच पिल्लं निवडून झाल्यावर पडद्यावरची नजर न हलवता ते म्हणाले, "चिझुरु, डावी ओत." समोर बादली नव्हती. निवडही संपली होती, या वेळी तरी बोलता आलं असतं. मी कळ दाबली. उरलेली पंधरा गेली.

राजीनाम्यावर सही करण्याआधी हे पत्र पुन्हा एकदा वाच. ये म्हणायला मला तोंड नाही, आणि येऊ नकोस असं म्हणवत नाही.

बादली ओतणारी,
तुझी चिझुरु