खिडकी, तिच्यातली कुंडी आणि आमचे यजमान

मी, टाबिता यारेदी शेम्वेटा, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार लुशोटो, घाटातल्या शेवटच्या वळणावरचे घर, आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे आणि मला कोणी भरीस पाडलेले नाही. आमच्या यजमानांना यातले पहिले मान्य नाही. पण मृत्युपत्र माझे आहे.

कलम पहिले. घर मला माझ्या वडिलांनी दिले. माझ्यामागे ते यजमान यारेदी यांनी हयातभर वापरावे, नंतर ते आमची मुलगी दीना हिचे. स्वयंपाकघराचे छप्पर गळते. ते गळत नाही असे यजमान सांगतील, कारण ते तिथे कधी गेलेले नाहीत.

कलम दुसरे. शिवणयंत्र नणंद दामारी हिला. माझी कात्री तिने नेली आहेच, तीही आता तिचीच समजावी.

कलम तिसरे, खिडकी. खिडकी घरातच धरली जाते, वेगळी लिहायची गरज नाही, असे वकील म्हणाले. ते आमच्या घरी राहिलेले नाहीत.

रस्त्याकडे उघडणारी खिडकी एकच. यजमानांनी जन्मभर या घाटात बस चालवली. निवृत्त झाल्यावर त्यांनी खाट खिडकीशी ओढली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरांवर ओरडू लागले, "अरे गाढवा, दुसरा गिअर टाक! क्लच काय सासऱ्याने दिलाय?"

त्याच सुमारास रस्ता रुंद करायला धबधब्याजवळचा खडक फोडला. त्याच्या सावलीत जांभळी फुले येत. परदेशी लोक त्यांना आफ्रिकन व्हायोलेट म्हणतात आणि घरात जपतात म्हणे. आम्ही त्यांच्यावर पाय देऊन पाणी भरायचो. फुटलेल्या दगडांत मला एक पान सापडले. ते कुंडीत ओलसर भुसभुशीत मातीत खोचले, त्याला पिल्ले फुटली. फूल मात्र येईना. स्वयंपाकघरात धूर, परसात कडक ऊन. सकाळचा कोवळा उजेड फक्त खिडकीत. म्हणून कुंडीसाठी मी खाट हलवली. यजमान खाटेवर होते.

"टाबिता! अगं, मी नवरा आहे तुझा!"

"आहात हो. पण तुम्हाला फुलं येणार आहेत का?"

चार दिवसांत पानांवर पांढरे डाग उठले. गार पाणी ओतल्याशिवाय असे डाग येत नाहीत. मी विचारले, तर म्हणाले, "पाऊस पडला असेल."

"घरात?"

"देवाला काय अशक्य आहे?"

तेव्हापासून मी त्यांच्या आंघोळीच्या पाण्यातून आधी कुंडीचे कोमट पाणी काढू लागले. यजमानांनी पिशवी भरली आणि घाट उतरून मोम्बोला बहिणीकडे गेले. जाताना सांगून गेले, "दामारीकडे ऐसपैस खिडकी आहे, आणि तिला माणसांची किंमत आहे."

पण त्याआधीच्या नाताळात मी दामारीला माझ्या झाडाचे एक पान पाठवले होते. यजमान पोचले तेव्हा तिच्या खिडकीत भली मोठी कुंडी, फुलांनी भरलेली, आणि खुर्ची मागे भिंतीला. दामारी म्हणाली, "दादा, जरा सरकून बस ना. त्याला उजेड लागतो."

दुसऱ्या दिवशीच्या बसने ते परत आले. ड्रायव्हरला घाटभर शिकवत आले असणार, कारण तो त्यांना दारापर्यंत सोडून हुश्श करून गेला. पिशवी ठेवत म्हणाले, "झाडामागंच बसायचं, तर निदान जेवण तरी तुझ्या हातचं." त्या आठवड्यात आमच्या झाडाला पहिले फूल आले. ते आपल्या पायगुणाने आले असे यजमान अजून सांगतात.

आता मोशीच्या मोठ्या इस्पितळातले डॉक्टर माझी छाती उघडून हृदय दुरुस्त करणार आहेत. मी परत आले नाही, तर खिडकी संपूर्णपणे यजमानांची. खाट पूर्वीच्या जागी न्यावी.

कलम चौथे. कुंडी दामारीला. पाणी खालच्या बशीत द्यावे, बोटाला सुखावेल इतके कोमट, पानांवर थेंबही नको. सुकलेली फुले खुडावीत. कुंडी अधूनमधून फिरवावी, नाहीतर झाड एकीकडे झुकते.

एवढे लिहून यजमानांना वाचून दाखवले. वाटले, खूष होतील. ते भिंतीकडे तोंड करून बसले.

"मला नको ती खिडकी."

"अहो, इतकी वर्षं भांडलात तिच्यासाठी!"

"भांडलो ना? मग भांडूनच घेईन. अशी फुकटात, तुझ्या माघारी, नाही घेणार. तू ये मोशीहून. मग बघतो तुझ्या झाडाकडं."

मी उठून कुंडी जराशी फिरवली आणि पुन्हा लिहायला बसले.

सबब कलम तिसरे व चौथे तूर्त तहकूब. बाकीचे कायम. खाली दोन साक्षीदारांसमोर सही केली आहे.

सही: टाबिता शेम्वेटा
साक्षीदार: योनाझी माहिम्बो, शेजारी
साक्षीदार: लोइसी किलुआ, शाळेतल्या बाई
लुशोटो, १९ ऑगस्ट २००८

(ज्याला वारसा मिळतो त्याला साक्षीदार होता येत नाही, हे तिघांनी समजावूनही यजमानांनी पेन ओढून घेऊन पुढील मजकूर लिहिला.)

नामंजूर. मोशीला मी सोबत जातो आहे. कुंडी वाटेत दामारीकडे ठेवू. परत येताना घेऊ. यारेदी.