नवा मोडेम आणि पदरचे शब्द

आई,

मागच्या महिन्यात घरात नवा मोडेम आला. त्याच्यापायी जे झालं ते तुला सांगावं म्हणून बसले आहे. मोडेम म्हणजे काय हे तुला कुठून ठाऊक असणार? तू गेलीस तेव्हा आपल्याकडे काळा डायलचा फोन होता आणि त्याच्यावर तूच विणलेला क्रोशाचा रुमाल. आता खांबावरून काचेची एक बारीक तार घरात येते. ती ज्या डब्यात शिरते तो मोडेम. त्यातून आलेलं घरभर, टीव्हीला, फोनला वाटून देतो तो दुसरा डबा, त्याला राउटर म्हणतात. एक आणणारा, एक वाढणारा. हल्ली दोन्ही कामं एकच डबा करतो म्हणे, पण आमच्याकडे दोन आहेत, टीव्हीच्या वरच्या फळीवर शेजारी शेजारी. त्यातला राउटर माझ्या मुलाने पहिल्या पगारातून आणून लावला होता. तेव्हा तो इथेच, जबलपुरातच होता.

तुझा हा नातू तू पाहिला नाहीस. बापासारखा उंच आणि बापासारखाच हट्टी. परीक्षा देऊन तो यांच्याच फॅक्टरीत लागला होता. यांनी सगळ्या कॉलनीत खोव्याची जलेबी वाटली होती. मग एक दिवस ती सरकारी नोकरी सोडून तो पुण्याला कुठल्याशा कंपनीत निघून गेला. हे म्हणाले, "या घरात आता तुझा बाप नाही असं समज." आणि त्याने ते खरंच तसं समजून घेतलं. तेव्हापासून तीन वर्षं बापलेक एकमेकांशी शब्द बोललेले नाहीत. जे काही असेल ते माझ्यामार्फत. हे म्हणतात, "तुझ्या लेकाला विचार, पुण्यात प्यायला पाणी तरी मिळतं का." मी फोनवर म्हणते, "बाबा विचारत होते, तब्येत कशी आहे." तो म्हणतो, "त्यांना म्हण, माझी काळजी करायला फार उशीर झाला." मी इकडे येऊन सांगते, "तो म्हणतो, काळजी करू नका." दोन्हीकडून आंबट येतं, मी साखर घालून पुढे सरकवते. तीन वर्षं हेच करून राहिले आहे, आणि आई, मी थकले. शाळेत वर्गभर पोरांची भांडणं मिटवताना कधी एवढी थकले नव्हते.

त्यात दिवाळीनंतर यांच्या हृदयाचा व्हॉल्व्ह खराब निघाला. ऑपरेशन नागपूरला करायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, आता हे नेहमीचंच ऑपरेशन आहे, घाबरायचं कारण नाही. मला मात्र एकच घोर लागला, की नागपूरला जायच्या आधी या दोघांनी एकदा तरी बोलावं. ऑपरेशन म्हटलं की मनात नाही नाही ते येतं. न बोलता एखादा निघून गेला तर मागे राहिलेल्याने उरलेला जन्म कसा काढायचा? हे म्हणाले, "त्याला यायचं असेल तर तो मला विचारेल. मी बोलावणार नाही." तो म्हणाला, "बाबांनी स्वतः म्हटलं तर येईन. तुझ्या तोंडून नको आई. तुझ्या तोंडून येतं त्यातलं खरं किती हे मला कळतच नाही." हे मला फार लागलं. मी तुझी मुलगी असून मला असं कोणी म्हणावं!

तुला आठवतं का, शेजारच्या काकूंनी माझ्याजवळ निरोप दिला होता, "आईला म्हणावं, परत दिलेल्या डाळीत किडे निघाले." मी आठ-नऊ वर्षांची, शाळेला सुट्टी लागलेली. तुला वाईट वाटेल म्हणून मी सांगितलं, "काकू म्हणाल्या, डाळ पोचली." पुढच्या वेळी काकू उसनी डाळ मागायला आल्या तर तू त्याच डब्यातली वाटीभर आनंदाने काढून दिलीस. मग जे काही झालं ते साऱ्या चाळीने ऐकलं. त्या संध्याकाळी तू मला स्वयंपाकघरात ओट्याशी उभं केलंस. मारलं नाहीस, आवाजही चढवला नाहीस. कणीक मळता मळता म्हणालीस, "निरोप जसा घेतला तसा द्यायचा. पदरचे शब्द घालायचे नाहीत, आणि आलेल्यातले पदरात लपवायचेही नाहीत." मला तेव्हा वाटलं, ही घरातसुद्धा ऑपरेटरच.

कारण त्याच सुट्टीत तू मला तुझ्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये घेऊन गेली होतीस. अजून दिसतं मला ते. मी तुझ्या मागे स्टुलावर बसले आहे, पाय जमिनीला टेकत नाहीत. ओळीने बायका बसल्या आहेत, कानाला हेडफोन, समोर छिद्राछिद्रांची भिंत. तुझे हात दोऱ्या उचलतात, खोचतात, काढतात, आणि तू घरी कधी बोलत नाहीस अशा हिंदीत म्हणतेस, "नागपुर, जबलपुर बोल रही हूँ। लीजिए, बात कीजिए।" आणि एक खटका खाली करून गप्प बसतेस. मी विचारते, "तुला ऐकू येतं का ते काय बोलतात?" तू म्हणतेस, "खटका वर ठेवला तर येतं. पण ठेवायचा नाही. आपण मध्ये कान लावून बसलो की त्यांचा आवाज बारीक होतो. लावून द्यायचं आणि बाजूला व्हायचं." केसांत हेडफोनची पट्टी रुतून पडलेला भांग घेऊन तू घरी यायचीस आणि आमच्याशीही फार बोलायची नाहीस. दिवसभर दुसऱ्यांची माणसं जोडून देऊन तूही थकत असशील, हे मला आत्ता आत्ता कळून राहिलं आहे.

तर मोडेम. कंपनीने कळवलं की जुना मोडेम आता चालणार नाही, नवा बसवून देऊ. एक भैया आला, जुना काढला, नवा लावला आणि राउटरकडे हात करून म्हणाला, "अंकल जी, अब इसकी कोई ज़रूरत नहीं, इसी में वाईफाई है। निकाल दूँ?" हे पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "वो नहीं निकलेगा।" तो म्हणाला, "पुराना हो गया अंकल जी।" हे म्हणाले, "चलता है ना? तो रहने दो।" ज्या मुलाचं नाव तीन वर्षांत तोंडातून निघालं नाही त्याच्या डब्याला हात लावू देईनात. मी आत जाऊन डोळे पुसले, खोटं कशाला बोलू. भैयाने दोन्ही डबे वायरीने जोडले, स्वतःच्या मोबाइलवर नव्या मोडेमचं नेट लागलेलं दाखवलं, आणि "चल रहा है" म्हणून निघून गेला. त्याचं चाललं, आमचं काही चाललं नाही. टीव्ही, यांचा फोन, सगळं जुन्या राउटरला जोडलेलं. सगळं गोल गोल फिरत बसलं.

दोन दिवस हे रागराग करत होते, कारण यांची बातमीपत्रं बंद. शेवटी मीच मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, दोन्ही डबे वाटायला बसलेत. मोडेमने फक्त आणून पुढे द्यायचं, मध्ये डोकं लावायचं नाही. त्याला ब्रिज म्हणतात. थांब, मी कंपनीशी बोलतो." अर्ध्या तासाने त्याचा परत फोन आला. तिकडूनच त्याने मोडेमचं ते काम करवून घेतलं होतं. "आता फक्त राउटर बंद करून चालू करायचा. जुनं सेटिंग सगळं त्याच्या आत आहेच." तोवर हे स्टूल घेऊन फळीशी उभे. जन्म गेला मशीनं दुरुस्त करण्यात, हात शिवशिवणारच. चष्मा कपाळावर, हातात माझी सेफ्टी पिन. मी फोनवर म्हटलं, "बाबा काहीतरी उघडून पाहून राहिले." तो म्हणाला, "त्यांना म्हण, शहाणपणा करू नका. मागे बारीक छिद्र आहे त्यात काही घालायचं नाही, सगळं पुसलं जाईल."

आता "शहाणपणा करू नका" हे मी यांना कसं सांगणार होते? सवयीने तेवढं गाळायला गेले आणि त्याच्याबरोबर छिद्रही गळून पडलं. मी म्हटलं, "तो म्हणतो, तुम्हाला मशीनचं सगळं कळतंच. जरा जपून बघा." हे एवढे खूश झाले, की पिन छिद्रात घालून चांगली दाबून धरली. डब्यावरचे सगळे दिवे गेले, मग एकेक करून आले. "झालं," हे म्हणाले. काहीच झालं नव्हतं. आतलं जुनं सगळं पुसलं गेलं होतं.

मी फोनवर सांगितलं तर तो केवढ्याने ओरडला, "मी नको म्हटलं होतं ना!" ते यांना स्टुलावर ऐकू गेलं. हे खाली उतरले. "तो नको म्हणाला होता? मग तू काहून म्हणाली, बघा म्हणून?" फोनमधून तो म्हणतोय, "मी काय म्हणालो आणि तू काय सांगितलंस?" इकडून हे म्हणतायत, "तो काय म्हणाला आणि तू काय सांगितलं?" तीन वर्षांत पहिल्यांदा दोघं एका बाजूला झाले, आणि ते माझ्यावर डाफरायला. अशी काही चिडले मी. म्हटलं, "घ्या. तुमचं तुम्ही पाहून घ्या. माझ्याने आता होत नाही." यांच्या हातात फोन कोंबला आणि स्वयंपाकघरात आले.

ओट्याशी जाऊन उभी राहिले. मला वाटलं, ठेवला फोन. मग हे म्हणाले, "हं." मग, "पिवळी? पिवळी नाही, निळी आहे." मग, "लावलाय चष्मा, लावलाय." मी शेंगदाण्याची चटणी वाटायला घेतली आणि मिक्सर सुरू केला, म्हणजे कान तिकडे जायला नको. भांड्याच्या कडेला चिकटलेलं खाली करायला मिक्सर थांबवला, तेवढ्यात यांचा आवाज आला. अगदी साधा, जेवताना बोलावा तसा. "डॉक्टर म्हणतो घाबरायचं काही नाही. पण मला भीती वाटून राहिली रे."

मला हे कधी बोलले नव्हते. मी रोज विचारत होते, आणि रोज "काही नाही गं, होऊन जाईल" एवढंच मिळत होतं. जे मला कधी दिलंच नाही ते मी पुढे काय पोचवणार होते? मी झाकण लावलं आणि मिक्सर पुन्हा सुरू केला. चटणीचा पार लगदा झाला. बाहेर आले तेव्हा टीव्ही लागलेला होता, फोन चार्जिंगला लावला होता, आणि हे म्हणाले, "चालू झालं. हुशार आहे, शांतपणे सांगतो." ती चटणी यांनी दोनदा मागून घेतली.

आता रोज संध्याकाळी दोघांचा व्हिडिओ कॉल असतो. आधी डब्याच्या दिव्यांपासून सुरू होतं, मग औषधं, मग फॅक्टरीतली जुनी माणसं, कुठल्या कुठे जातं. भांडतातही, पण समोरासमोर. परवा जेवताना हे म्हणाले, "तो दोन दिवस आधीच नागपूरला पोचतोय. हॉस्पिटलजवळ खोली पण पाहून ठेवली त्याने. तुला नाही सांगितलं?" मी म्हटलं, "नाही." हे म्हणाले, "अच्छा," आणि भात कालवायला लागले.

मला हेच हवं होतं, आई. देवापुढे बसून हेच मागितलं होतं. नागपूरला दोघं बरोबर असणार, माझ्या जिवावरचं ओझं उतरलं. तू समोर असतीस तर एवढं सांगून मी गप्प बसले असते. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून पुढचंही लिहिते. पूर्वी दिवसातून तीनदा माझा फोन वाजायचा. एकदा त्याचा राग ऐकायला, एकदा यांचा निरोप घ्यायला, एकदा उगाच. आता तो यांनाच लावतो, आणि शेवटी "आईला सांगा, मी ठीक आहे" म्हणतो. हे मला तेवढंच सांगतात, एक अक्षर कमी नाही, जास्त नाही. काल दुपारी हे झोपले होते आणि मी टीव्हीच्या वरची फळी पुसत होते. मोडेममधून राउटरला जाणारी ती वायर हाताला लागली. वाटलं, जराशी ढिली करून ठेवावी, म्हणजे संध्याकाळी नेट लागणार नाही आणि तो मला फोन करेल. केली नाही. पण हात बराच वेळ तिथेच होता.