निसर्गोपचार कक्षाची माती, टब आणि एक तोंडी आदेश

गोपनीय : पाकीट कृपया स्वतः उघडावे.

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय, पहिला मजला.

विषय : निसर्गोपचार कक्षाबाबत आज सकाळी मिळालेला तोंडी आदेश लेखी स्वरूपात मिळणेबाबत.

संदर्भ : कक्ष बंद करण्याचा भांडारपालांचा प्रस्ताव व त्यावरील आपला शेरा, 'चर्चा करावी'.

महोदय,

१. कक्षातील रुग्णाच्या खुर्चीच्या उजव्या हातावरचा रंग बोटाच्या पेराएवढा उडाला आहे. डाव्या हातावरचा शाबूत आहे. झोप कशी लागते असे विचारले की रुग्ण "उत्तम" म्हणतो आणि अंगठ्याने नेमके तेथेच घासू लागतो. अर्जदार उत्तर लिहून घेते आणि अंगठाही पाहते. रुग्ण उठतो केव्हा, खातो काय, चालतो किती, पोट साफ होते का, घरात कोणावर चिडतो, हे सर्व विचारल्यावाचून निसर्गोपचारात पुढे जाता येत नाही. बहुतेक रुग्ण शेवटी म्हणतात, "मॅडम, एवढं विचारलंत, आता गोळी द्या."

२. गोळी नसते. पोटावर मातीचा लेप, गार पाण्याच्या पट्ट्या, कटिस्नान म्हणजे कमरेपर्यंत पाण्यात टबात बसणे, कोवळे ऊन, मोजके जेवण आणि चालणे, एवढेच असते. शरीराला बरे होण्याची स्वतःची सवय असते, तिच्या वाटेतले अडथळे कमी करायचे, याहून मोठा दावा अर्जदार करत नाही. रुग्णाची चालू औषधे ती बंद करत नाही. वजन विनाकारण उतरत असेल किंवा रक्त पडत असेल, तर ती रुग्णाला तडक वरच्या मजल्यावर पाठवते.

३. भांडारपालांचे म्हणणे असे की, ज्या कक्षात औषध खपत नाही तेथे काम होत नाही. सबब कक्ष बंद करून अर्जदारास भांडारात गोळ्यांच्या पट्ट्या मोजायला बसवावे. कक्षसेविका मावशींनी सुचवले होते, "दोन खोकी गोळ्या मागवा, कपाटात पडू द्या, त्यांचं समाधान होईल." अर्जदाराने मागवल्या नाहीत. तिने माती मागितली.

४. माती ही भांडाराच्या वर्गवारीत बांधकाम साहित्यात मोडते. त्यामुळे मागणी परस्पर दुरुस्ती विभागाकडे गेली आणि एक गवंडी घमेले व थापी घेऊन हजर झाला. त्या वेळी खाटेवर एक निवृत्त मुख्याध्यापक पोट उघडे टाकून लेपाची वाट पाहत होते. गवंड्याने खोलीभर नजर फिरवून विचारले, "भिंत कुठली?" मुख्याध्यापकांनी सदरा खाली ओढला. ते त्यानंतर आलेले नाहीत.

५. पुढच्या मागणीवर भांडारपालांनी मातीची मुदत संपण्याची तारीख विचारली. शिवाय रिकामी बाटली जमा केल्यावाचून नवी मिळत नाही, या नियमाने वापरलेली माती परत मागितली. अर्जदाराने ती बादलीतून पाठवली. भांडारपालांनी ती मोजून घेतली आणि वजन वाढल्याबद्दल खुलासा मागवला. माती ओली होती.

६. दरम्यान एक ज्येष्ठ रुग्ण मागच्या दाराने कक्षात येऊ लागले. त्यांचे पद लिहिण्याची अर्जदारास मुभा नाही. मात्र त्यांच्या आणि आपल्या खोलीचा दरवाजा एकच आहे. छातीत जळजळ, पोटाला तडस आणि झोपेचे खोबरे. हृदयाची तपासणी त्यांनी आधी करून घ्यावी, हा अर्जदाराचा आग्रह त्यांनी मानला व ती निर्दोष निघाली. भूक लागते का, या प्रश्नाला ते "पाहू" म्हणाले. रात्री काय जेवता, याला "ठरायचंय" म्हणाले. बऱ्याच वेळाने कळले की ते फायली घरी नेतात, उशाशी ठेवतात आणि एकीवरही सही न करता सकाळी परत आणतात. अर्जदाराने जेवण लवकर घेण्यास, फायली कार्यालयातच ठेवण्यास आणि कटिस्नान घेण्यास सांगितले. त्यांतच या कक्षाचीही फाईल आहे, हे तिला ठाऊक होते. रुग्णाकडे स्वतःचे गाऱ्हाणे मांडू नये म्हणून तिने त्याविषयी चकार शब्द काढला नाही.

७. आज सकाळी सदर रुग्ण पडद्यामागे टबात बसले असता भांडारपाल हातगाडी घेऊन आले. चर्चा झाली असे त्यांनी स्वतःशीच ठरवले होते. "टब जमा करून घेतो," ते म्हणाले. टब रिकामा नाही, असे अर्जदाराने सांगितले. "मग रिकामा करा, पेशंटला म्हणावं घरी बस." मावशी पडद्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "दादा, आत माणूस आहे. जरा दमानं घ्या." भांडारपालांनी उत्तर दिले की माणसाची नोंद भांडारात नाही, टबाची आहे, आणि पडद्याला हात घातला.

आत पाणी हलले. अर्जदाराने डोळे मिटून घेतले होते, कारण पुढे "पाहू" येणार याची तिला खात्री होती. भांडारपालांना नंतर आवाज ओळखीचा वाटला, पण सहीशिवाय आवाज ग्राह्य धरता येत नाही असे त्यांचे मत असल्याने हा अर्ज करावा लागत आहे. पडद्यामागून आलेले शब्द जसेच्या तसे असे :

"गाडी परत न्या. टब इथेच राहील आणि कक्षही बंद होणार नाही. चर्चा नको, माझं ठरलंय."

लेखी आदेशाच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
(सही)
निसर्गोपचार चिकित्सक,
तळमजला, जिन्याखालची खोली

दिनांक : तोंडी आदेशाचाच