मोठ्या आवाजाची बेल

अहो,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हा हे पत्र ड्रॉवरमध्येच राहणार. तुमच्यावर चिडणं मात्र मी सोडलेलं नाही.

एकट्यानं राहू शकणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या सोसायटीत आज लेकीबरोबर फ्लॅट बघायला गेले. लिफ्ट ऐसपैस, बाथरूममध्ये धरायला दांडे, खाली वाचनालय. दाखवणारी बाई तोंड भरून कौतुक करत होती. मी बाथरूममध्ये शिरले, नळ पूर्ण सोडला आणि ओरडले, "आता दारावरची बेल वाजवा!"

बेल वाजली. बाहेर येऊन मी तिला सुनावलं, "एवढ्याशा आवाजानं काय होणार? ह्यांना ऐकूच जाणार नाही."

लेक हळूच म्हणाली, "आई, तुझे कान तर ठणठणीत आहेत."

छापखान्यातल्या यंत्रांनी तुमचे कान नेले आणि मला दाराबाहेर पिशव्या घेऊन ताटकळायची सवय लागली. ती काही सुटत नाही.

फ्लॅट ठरवला. बेल मोठ्या आवाजाची बसवून घेतेय. किल्ली माझ्याच पर्समध्ये असेल, तरी रोज आधी बेल वाजवीन आणि थोडी थांबेन. तुम्हाला दार उघडायला जरा वेळच लागतो.

तुमचीच,
दाराबाहेर उभी असलेली