आत्तींचा दुखवटा

४ मार्च, मंगळवार

जोतीरामचा फोन. पूर्णिमाताई, होळीच्या आधी तुला घेऊन जातो म्हणाला. घरात माणूस गेलं की पहिल्या सणाआधी माहेरच्यांनी येऊन बाईला बाहेर काढायचं, नवी साडी नेसवायची, तोंड गोड करायचं — की संपला दुखवटा. संपला म्हणे!

मी नाही म्हणाले. माझ्या या धाकट्या भावाची पलूसच्या पुढं द्राक्षबाग आहे, वाइनच्या द्राक्षांची. बागेतच छोटा कारखाना, पाहुण्यांना उतरायला खोल्या. नवरा दारूनं घालवला, आणि आता मी तिथं हवा पालटायला जाऊ?

५ मार्च

‘दारूनं’ हा शब्द मी फक्त या वहीत लिहू शकते. घरात त्याला कावीळ म्हणायचं. राजवीर डिसेंबरात गेला तेव्हापासून आत्ती आल्यागेल्या प्रत्येकाला तेच सांगतात. त्यांचा एकुलता एक मुलगा, त्यांनी सांगावं आणि मी सुनेनं मान डोलवावी. डॉक्टरांनी दोघींच्या तोंडावर खरं काय ते सांगितलं होतं. तरी कावीळ!

मला त्याचा राग येतो. अजून येतो. तो काढू कुणापाशी? कावीळ झालेल्या माणसावर कुणी रागावतं का? कळंब्याच्या या घरात आता आम्ही दोघीच; मी शाळेत शिकवायला गेले की आत्ती एकट्या. असंच चाललं तर एका छपराखाली परक्या होऊन जगू. मला दुसरं काही नको. आत्तींनी एकदा, एकदाच, खरं बोलावं.

६ मार्च

सकाळी आत्ती पायरीवर बसून रस्त्याकडं बघत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, दूधवाल्याची वाट बघते. दूध तापून गारसुद्धा झालं होतं.

मग डोक्यात प्रकाश पडला. त्यांना कोण बाहेर काढणार? माहेर मलकापूरचं. भाऊ वारले, भाचे फोनसुद्धा करत नाहीत. मुलगा तर त्यांचा गेलाय!

जोतीरामला फोन लावला. येते, पण दोघी येणार. साड्याही दोन आण. सुनेच्या माहेरानं सासूचा दुखवटा काढलेला त्यानं कधी ऐकला नव्हता. मीही नाही. मग म्हणाला, आण मावशींना, पण वाइनचं बोलायचं नाही, बेदाण्याची बाग म्हणू. मी बरं म्हणाले. आमच्या घरात एवढं खोटं आहे, त्यात आणखी एक.

८ मार्च. पलूस.

जोतीरामनं फाटकावरच्या पाटीला चक्क पोतं बांधलंय! पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना ग्लास घेऊन मागच्या अंगाला बसवलंय. वहिनी सारखी माझ्याकडं बघून डोळे मोठे करते. हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

दुपारी दोघींना पाटावर बसवलं. मला निळी साडी, आत्तींना मोतिया. आत्तींनी साडी मांडीवर घेतली आणि कितीतरी वेळ काठावरून हात फिरवत राहिल्या. श्रीखंड मात्र त्यांनी मागून घेतलं.

ऊन उतरल्यावर बांधावरून लांबवर चालत गेले. पळस फुललाय. पाखरं, वारा, ओल्या मातीचा वास. बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

९ मार्च, सकाळ

उजाडता उजाडता तोडणी. आत्ती बायकांबरोबर कात्री घेऊन ओळीत शिरल्या, कमरेला पदर खोचून. कुठल्याशा गोष्टीवर हसल्या. मी तो आवाज विसरलेच होते.

मग त्यांनी एक मणी तोंडात टाकला. बारीक काळं द्राक्ष, जाड सालीचं. बिया तळहातावर थुंकल्या आणि बघत राहिल्या.

“जोतीराम, बियांचा बेदाणा कधीपास्नं व्हाय लागला रं?”

नवीन जात आहे, असं काहीतरी तो पुटपुटला. आत्तींनी कात्री क्रेटमध्ये ठेवली आणि खोलीवर निघून गेल्या. आम्ही कोल्हापूर-सांगलीची माणसं, बेदाणा बघत वाढलेली, आणि आम्हाला ही थाप सुचली! तेव्हापासून त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत.

९ मार्च, संध्याकाळ

चहानंतर आत्तींनी जोतीरामला कारखाना दाखवायला सांगितलं. तो माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणाले, दाखव.

आत स्टीलच्या उंच टाक्या. आंबूस-गोड वास. आत्तींनी नाकाला पदर लावला. थोड्या वेळानं काढला. माझ्याकडं न बघताच बोलल्या.

“असाच वास यायचा त्येच्या उशीला. तू शाळेतनं यायच्या आदी मी अभ्रा बदलायची. तुला कळू ने म्हणून.”

मी म्हणाले, “मीही बदलायची, आत्ती. सकाळी, तुम्ही उठायच्या आधी.”

एकाच उशीचा अभ्रा दोघी धूत होतो, एकमेकींपासून लपवून. इतकी वर्षं! आत्तींनी माझा हात धरला आणि आम्ही तिथंच रडलो. जोतीराम केव्हा बाहेर गेला, कळलं नाही.

१० मार्च

निघालो. जोतीरामनं पाया पडून माफी मागितली. आत्ती म्हणाल्या, पाटीवरचं पोतं काढ बाबा, तू काय चोरी केलेली नाहीस. गाडीत त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या. फार हलकं वाटतंय.

११ मार्च

चुलतसासरे गणपतराव भेटायला आले. आत्तींनी त्यांना सगळं सांगितलं — कावीळ कशी झाली, कशी अंगात मुरली. मी चहा ठेवून आत आले. बागेतलं बागेतच राहिलं म्हणायचं.

१२ मार्च

काही लिहावंसं वाटत नाही.

१३ मार्च, होळी

समोरच्या चिमणाबाई पोळ्या घेऊन आल्या. थोरल्या मुलाचे डोळे पिवळे झालेत, पोट फुगलंय. तो पितो हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. राजवीरच्या काविळीवर कुणाचं औषध आणलं होतं, असं विचारत होत्या.

आत्तींनी पोळ्यांचं ताट बाजूला ठेवलं. म्हणाल्या, “कावीळ न्हवती, चिमणाबाई. माझा राजवीर दारूनं गेला. तुज्या पोराला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. पूर्णिमा येती संगं. तिला समदं म्हाईत हाय.”

मी गॅस बंद केला आणि पायात चप्पल घातली.