आऱ्याले टोप

॥ श्री ॥
मारेगाव, ६ नोव्हेंबर १९६०

चि. गुलाबसिंग यास हंसाबाईचे अ. आ. वि. वि. इकडे सारे खुशाल, तुझी खुशाली कळवत जाय. पत्र मी सांगून राह्यली अन् तुझे दाजी लिहून राह्यले. शाळेचे मास्तर असले तरी माहे शब्द सुधरवू नका म्हणून बजावलं आहे.

तुझ्यासाठी पाह्यलेली पोरगी, इथल्या तांड्यातल्या शंकरसिंगची बिजली, तिचं गाडं अडलं. शंकरसिंगले घर पसंत, तू पसंत, पण तुहा लाकूड चिरणारा गोल आरा पसंत नाही. त्यानं आरा चालवणारे लय पाह्यले म्हणे, अन् एकाचाही पंजा पुरा नव्हता. मी म्हटलं, माह्या भावाची सारी बोटं जागच्या जागी आहेत. तं म्हणे, आजच्या तारखेले आहेत.

दुसरी गोष्ट पोरीच्या आईची, धुरपताबाईची. दिवाळीले तू मशीन बंद करून तसाच एस.टी.त बसला अन् इथं उतरला. भिवयांवर भुसा, मिशीवर भुसा. तिनं मले हळूच विचारलं, हे नवरदेवाचे काका का? आता मी तिले काय सांगू?

तवा पात्यावर काही झाकण बसव अन् त्या भुशाचा बंदोबस्त कर, मंगच सुपारी फुटन. माया आहेच, ती पत्रातून मोजू नको.
तुझी बहीण
हंसा

॥ श्री ॥
उमरखेड, १९ नोव्हेंबर १९६०

ती. बाईस गुलाबसिंगचा शि. सा. न. वि. वि. दाजीले राम राम.

पत्र पोचलं. बाई, आऱ्याले टोप घालणं म्हणजे वाघाले मुसकं बांधणं. पण तुहा शब्द मोडवत नाही, म्हणून रॉकेलचा डबा कापला, टोप केला अन् टेबलाले खिळ्यानं पक्का ठोकला. इंजन चालू केलं, फळी सरकवली. फळी डब्याले लागली, डबा पात्याले लागला, अन् टोप उडाला.

शेजारी फुलचंदचं मिठाईचं दुकान आहे, तुले माहीत आहे. टोप थेट त्याच्या कढईपाशी पडला. कोणाले लागलं नाही. तो माणूस डबा हातात घेऊन आला अन् शांतपणे इचारलं का भाऊ, हे कायले पाठवलं?

हसलो तवा, पण मंग इंजन बंद केलं. इतके वर्सं आऱ्याचं भेव वाटलं नाही, टोपाचं वाटलं. आता हा नाद सोडू का? जसं सांगशीन तसं. तुह्या मायेवर उभा आहो.
गुलाबसिंग

॥ श्री ॥
मारेगाव, ४ डिसेंबर १९६०

चि. गुलाबसिंग यास अ. आ.

नाद सोडशीन तं माह्या दारात येऊ नको. डब्याची गोष्ट मी बिजलीले सांगितली, तं पोट्टी पोट धरून हसली. तिच्या बापाले मात्र टोप बसला एवढंच सांगितलं. उडाला हे नाही सांगितलं. तुझे दाजी म्हणतात हे अर्धसत्य झालं. मी म्हटलं, तुम्ही लिहा.

आता शंकरसिंग स्वतः पाहाले येणार. कोणच्या दिवशी ते बोलत नाही. सांगून गेलं का लोक झाडून पुसून ठेवतात म्हणते. तवा माह्या खोट्याले लवकर खरं कर. बाकी लोभ ठेवतोसच.
हंसा

॥ श्री ॥
उमरखेड, २२ जानेवारी १९६१

ती. बाईस सा. न. वि. वि.

हाताले पट्टी आहे म्हणून अक्षर वाकडं. घाबरू नको, सारं सांगतो.

लोहाराले संग घेऊन नवा टोप केला. आता तो ठोकला नाही, वरतून आडव्या दांड्याले टांगला. फळी आली का टोप वर जाते, गेली का खाली बसते. भुशासाठी टेबलाखाली पेटी, पेटीले पत्र्याचा नळ, नळाले लोहाराच्या भट्टीचा जुना पंखा, अन् पुढं पोतं. इंजनाच्या पट्ट्यावरच पंखा फिरते अन् भुसा ओढते. पहिल्या दिवशी पोतं ढिलं बांधलं होतं, सारा भुसा फुलचंदच्या पेढ्यावर. एक गिऱ्हाईक त्याले इचारे, हा कोणता नवा मसाला? फुलचंदनं माह्याशी बोलणं टाकलं.

काल दुपारी मी सागाची फळी चिरून राह्यलो होतो. शंकरसिंग कवा मागं येऊन उभा राह्यला, समजलंच नाही. पेटीचं झाकण मी साफ कराले उघडलं होतं, ते तसंच राह्यलं. तो वाकून आत पाहाले गेला, अन् पंख्यानं त्याच्या पागोट्याचं टोक नळात ओढलं. पागोटं उलगडत आत चाललं. तो वरडला, मी मान फिरवली, अन् हात घसरला.

बाई, हात पात्याकडेच गेलता. टोपावर आदळला. टोप चेपला, माही कातडी सोलली, बस. फुलचंद धावत आला अन् त्यानंच इंजन बंद केलं.

शंकरसिंग उघड्या डोक्यानं उभा. मी पागोट्याची माफी मागाले लागलो. त्यानं माहा हात धरला, उलटासुलटा करून एकेक बोट पाह्यलं अन् म्हणे, “पोरा, पागोटं बाजारात भेटते.” मंग लाकडावर बसला. फुलचंदनं पाणी देल्लं, जिलेबी देल्ली. संध्याकाळच्या गाडीनं गेला. लग्नाचं एक अक्षर नाही काढलं. होकार का नकार, मले तं काही उमजत नाही. लवकर कळव, जीव टांगून ठेवू नको.
गुलाबसिंग

॥ श्री ॥
मारेगाव, १ फेब्रुवारी १९६१

चि. गुलाबसिंग यास अ. आ. वि. वि. सुपारी फुटली. लग्न वैशाखात.

शंकरसिंग घरी आला अन् आधी नवं पागोटं बांधलं. मंग धुरपताबाईले म्हणे, टोप नसता तं माह्या एका वरडण्यानं त्या पोराचा पंजा गेला असता, अन् जलमभर मी जेवलो नसतो. आता त्याले मशीनीची चिंता नाही. चिंता म्हणे पाहाले येणाऱ्याची.

बिजलीनंही निरोप देल्ला. तिच्या शब्दात लिहा, असं तुझ्या दाजीले सांगितलं आहे. इंजन चालू असलं का कोणी हाक मारो, बाप असो का बायको, मान फिरवायची नाही. मी जेवणाचा डबा घेऊन आली का मागून येणार नाही, समोर येऊन उभी राहीन. इंजन थांबलं का बोलीन.

मी तिले विचारलं, अन् त्यानं थांबवलंच नाही तं?

तं म्हणे, मले पाह्यल्यावर तो थांबवते.

हात बरा झाला का लिही. माया आता दोन घरी वाटावी लागन, तयारी ठेव.
तुझी बहीण
हंसा