दिवा लावायच्या अटीवर खोली

ताईस सत्याचा नमस्कार,

मोनिकानं सगळा भात माझ्या ताटात काढला, स्वतःचा कुकर घासून पिशवीत घातला आणि ती निघाली. तिथंच माझं कोरेगाव भीमा संपलं. एकट्याला ती खोली परवडत नव्हती. तू काळजी करू नको, पाटसला कारखान्यावर काम लागलंय. जेवतो वेळेवर. झोप तेवढी येत नाही.

दौंडात दोन घरमालकांशी भांडलो. मग पाटसबाहेर रखमाजी आप्पांचं घर मिळालं. दिवाळीनंतर ते आणि त्यांची बायको गितामावशी मेंढरं घेऊन कोकणात जातात, पावसाळ्यापर्यंत घर रिकामं. भाडं थोडंच, पण रोज सांजेला बिरोबापुढं दिवा लावायचा.

माझं सगळं ऐकून आप्पा म्हणाले, "कालेज सोडलंस, पोरगी सोडलीस. दिवा तरी धरशील का?"

"पोरीनं मला सोडलं!" मी भडकलो.

मावशी हसत सुटल्या. मी विचारलं, इतके महिने राहता कुठं?

"तीन दगडं मांडली की घर. दुसऱ्या दिशी म्होरं," मावशी म्हणाल्या.

चाळीस वर्षं ते असंच फिरतायत, ताई! अख्खा संसार एका घोड्यावर, वर कोंबडीसुद्धा. मी एका खोलीसाठी रडत होतो.

आईचा गुडघा कसा आहे? मोनिकाचं तिला अजून सांगू नको.

बाहेर घोडं लादून झालंय. आज सांजेपासून दिवा माझ्याकडं. आधी त्यांना कालव्यापर्यंत पोचवून येतो. हे बघ, उठलोच, आता दार ओढून घेतो.

तुझा सत्या